सध्या किंवा पूर्वी

माझ्या मुलाने हे लिहायला परवानगी दिली ती दोन अटींवर. त्याचं नाव येता कामा नये आणि तारखा बरोबर असल्या पाहिजेत. पहिली अट सोपी. दुसरीसाठी कपाटावरची निळी फाइल खाली काढावी लागली. तिच्यात पंधरा वर्षांचे कागद आहेत आणि त्या कागदांवर माझ्या एकाच मुलाला चार वेगवेगळी नावं दिलेली आहेत.

पहिला कागद नोव्हेंबर २०१० चा. तेव्हा आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहत होतो. मुलगा साडेतीन वर्षांचा. त्याची एडॉस नावाची ऑटिझमची (स्वमग्नतेची) चाचणी झाली. म्हणायला चाचणी, पण बघणाऱ्याला खेळच वाटावा: साबणाचे बुडबुडे, हवा भरून सोडून दिलेला फुगा, आणि एका बाहुलीचा वाढदिवस. मला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवून 'काही सुचवू नका' असं बजावलेलं. बाईंनी खेळायच्या मातीचा केक केला, मेणबत्त्या म्हणून त्यात रंगीत काड्या खोचल्या, बाहुलीला पुढ्यात बसवलं आणि विचारलं, "आता काय करायचं?" त्याने काड्या उपटल्या, रंगांप्रमाणे रांगेत लावल्या, मोजल्या आणि परत खोचल्या. बाहुलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाई वाढदिवसाचं गाणं म्हणू लागल्या तर त्याने कानांवर हात ठेवले. त्या लिहीत राहिल्या.

त्याच रात्री टबात बसल्या बसल्या त्याने ते गाणं अख्खं म्हटलं. बाईंच्याच हेलात, बाहुलीच्या नावासकट. मी टॉवेल घेऊन दारात उभी. हे आता कुणाला जाऊन सांगायचं? चाचणी तर संपली होती.

अहवालात कोड आला २९९.८० आणि नाव आलं पीडीडी-एनओएस, म्हणजे 'परव्हेसिव्ह डेव्हलपमेंटल डिसऑर्डर, नॉट अदरवाइज स्पेसिफाइड'. त्यातल्या शेवटच्या तीन शब्दांचा अर्थ साधारण 'अन्यत्र न नोंदलेलं'. घरखर्चाच्या वहीत शेवटी 'किरकोळ' असा रकाना असतो ना, तसा. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं डीएसएम नावाचं पुस्तक तिथे निदानाला प्रमाण मानतात. १९९४ सालच्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत ऑटिझमची बारा लक्षणं होती, चार-चारच्या तीन गटांत. पहिला गट लोकांशी वागण्याचा, दुसरा बोलण्याचा, तिसरा तेच ते करत राहण्याचा. पहिल्यातली किमान दोन, बाकीच्यांतलं किमान एकेक आणि मिळून सहा भरली की ऑटिझम. आमची पाच भरली होती.

एका लक्षणाने सुटलो म्हणून मला आनंद झाला. तो आठवडाभर टिकला. मग मंदिरात भेटणाऱ्या एका मराठी मैत्रिणीने मला बाजूला घेतलं. तिचा मुलगा दोन वर्षांनी मोठा, ती या वाटेने आधी गेलेली. म्हणाली, "शाळेच्या मीटिंगला चांगलं सांगत बसू नकोस. चांगलं सांगितलंस की तास कमी होतात." तास म्हणजे थेरपीचे तास. बोलण्याची थेरपी आठवड्याला किती, वागणुकीची किती, वर्गात सोबत मदतनीस की नाही, हे सगळं त्या मीटिंगमध्ये ठरायचं. विम्याकडून आम्हाला आशा नव्हती. विमा कंपन्यांनी ऑटिझमच्या थेरपीचा खर्च द्यावा असा कायदा न्यू जर्सीने २००९ मध्ये केला होता, पण नवऱ्याच्या कंपनीने आरोग्यविम्याचा खर्च स्वतःच उचललेला, आणि अशा योजनांना राज्याचा कायदा लागू होत नाही. नवरा एच-वन व्हिसावर, मी त्याची बायको म्हणून एच-फोरवर, म्हणजे मला नोकरी करायला बंदी. जे काही मिळणार ते शाळेकडूनच.

तेव्हा मी मुलाचं वर्णन करायला शिकले. तो साडेतीनचा असताना इंग्रजी फलक वाचायचा, ते मी सांगायची बंद झाले. हायवेवरचे बाहेर पडण्याचे सगळे क्रमांक त्याला पाठ होते, तेही सांगेना. त्याऐवजी सांगायचे: हाक मारली तर वळत नाही. बोट दाखवत नाही, माझा हात धरून वस्तूवर नेऊन ठेवतो. स्वतःला भूक लागली की म्हणतो, "तुला भूक लागली." मराठीत हे जरा जास्तच कानाला खटकतं, कारण क्रियापदही सोबत फिरतं. "तू जेवतोस का?" असं मी विचारलेलं तो जसंच्या तसं परत करायचा आणि जेवायला येऊन बसायचा. त्याला काय म्हणायचंय ते मला नेमकं कळत होतं. मीटिंगमध्ये मात्र "याला संवाद साधता येत नाही" असं सांगायचे. यात खोटं काही नव्हतं. फक्त दिवसातल्या चोवीस तासांतले कुठले दोन सांगायचे, ते मी निवडत होते.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका दवाखान्यात दुसरं मत घेतलं, तेव्हा फाइलीतला दुसरा कागद आला. त्यावर नाव होतं ॲस्पर्गर, ऑटिझमच्याच कुटुंबातलं एक निदान. वर्षभरात मुलगा बदलला होता का? तर थोडाफार. खरा बदल माझ्या मते एका प्रश्नात होता. दोन वर्षांचा होईपर्यंत सुटे शब्द आणि तीनपर्यंत छोटी वाक्यं आली असतील तरच ॲस्पर्गर म्हणायचं, असा नियम. पहिल्या ठिकाणी शब्दांच्या यादीपुढे जवळजवळ काहीच नव्हतं, कारण यादी इंग्रजीत होती आणि माझा मुलगा दोन वर्षांचा असताना पाणी, दे, नको, काऊ, गाडी असं बोलत होता. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी "घरी कोणती भाषा?" असं विचारलं आणि माझे सगळे शब्द रोमन लिपीत उतरवून घेतले. मराठी मोजली तेव्हा त्याला बोलायला उशीर झालाच नव्हता. आई फोनवर म्हणाली, "मी तुला आधीच सांगत होते, मुलगे जरा उशिरानेच बोलतात." तिच्या मते हे अमेरिकेतल्या डॉक्टरांचं पोट भरण्याचं काम होतं.

अशी दोन नावांची फाइल घरात असताना २० जानेवारी २०१२ चा शुक्रवार उजाडला. (वार मुलाने सांगितला, मी तपासला नाही. तपासायची गरज पडत नाही.) न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी होती: डीएसएमची पाचवी आवृत्ती येते आहे, तीत ऑटिझमची व्याख्या बदलणार आणि पुष्कळ जण बाहेर फेकले जाणार. येल विद्यापीठाचे फ्रेड व्होल्कमार यांनी हिशेब मांडला होता. ते नव्या व्याख्येच्या समितीत आधी होते, नंतर बाहेर पडले. १९९३ च्या पाहणीतल्या बौद्धिकदृष्ट्या बऱ्या अशा ३७२ जणांची जुनी माहिती त्यांनी नव्या निकषांवर घासून पाहिली. मूळ ऑटिझमवाल्यांतले चौथा हिस्सा बाहेर. ॲस्पर्गरवाल्यांतले तीन चतुर्थांश बाहेर. पीडीडी-एनओएसवाल्यांतले ८५ टक्के बाहेर.

आमच्याकडे पीडीडी-एनओएसही होतं आणि ॲस्पर्गरही. म्हणजे कुठल्याही दाराने गेलं तरी बाहेरच.

दिवसभर फोन वाजत होते. एडिसनमध्ये अशा आयांची एक साखळीच होती: तेलुगू, गुजराती, तमिळ, आम्ही दोन-तीन मराठी. जो तो एकच विचारत होता, आपल्याला आता शाळेतून काढतील का? रात्री मुलगा झोपल्यावर नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला. तो दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. त्याला काळजी वाटली की तो तक्ता करतो. बारा लक्षणं, प्रत्येक आहे किंवा नाही, म्हणजे ४,०९६ ओळी. त्यांतल्या जुन्या नियमात बसणाऱ्या किती? २,०२७. मग नवा मसुदा. त्यात सामाजिक संवादाची तीन लक्षणं आणि तिन्ही हवीतच. पुनरावृत्तीची चार, त्यांतली किमान दोन. सात लक्षणं, १२८ ओळी, बसणाऱ्या फक्त ११. पुढे तज्ज्ञांच्या लिखाणातही हेच दोन आकडे दिसले तेव्हा त्याची कॉलर ताठ झाली. त्या रात्री मात्र तो नुसता बघत राहिला. म्हणाला, "दोन हजार सत्तावीस वाटा होत्या. आता अकरा."

त्याला आणखी एक गोष्ट सापडली, ती मात्र त्याने हसत सांगितली. १९९४ च्या पुस्तकात पीडीडी-एनओएसच्या मजकुरात 'आणि' हवं तिथे 'किंवा' पडलेलं होतं. त्यामुळे वागण्यात अडचण नसली, पण नुसतं बोलण्यात अडखळलं किंवा नुसतं तेच ते करत बसलं, तरी माणूस या रकान्यात जाऊ शकत होता. २००० सालच्या सुधारित आवृत्तीत ते दुरुस्त झालं. सहा वर्षं! त्याच्या ऑफिसात अशी चूक सहा तास राहिली असती तरी कुणाची तरी झाडाझडती झाली असती.

आमच्या ओळखीच्या एका काकूंचा मुलगा तेव्हा बावीसचा होता. मंडळाच्या गणपतीत साउंडची सगळी जबाबदारी त्याच्याकडे असायची, कुणी वायरीला हात लावलेला त्याला खपायचा नाही. त्याला शाळेत असतानाच ॲस्पर्गरचं निदान मिळालेलं. त्याने एक छोटं कार्ड छापून घेतलं होतं: मला ॲस्पर्गर सिंड्रोम आहे, मी नजर चुकवली तर तो उद्धटपणा समजू नये, वगैरे. दुकानात, मुलाखतीत, पोलिसाने गाडी थांबवली तर द्यायला. नवीन पुस्तकात ॲस्पर्गर हे नावच राहणार नाही, सगळ्यांना मिळून 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' असं एकच नाव, हे मी त्याला सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "माझी अजून साठ कार्डं शिल्लक आहेत."

नाव जाऊ नये म्हणून सह्यांच्या मोहिमा झाल्या. पण ऑटिस्टिक माणसांनीच चालवलेली जी संघटना, ऑटिस्टिक सेल्फ ॲडव्होकसी नेटवर्क, तिची भूमिका उलटी होती. तिचा एक संस्थापक आरी नीमन आमच्या जवळच्याच ईस्ट ब्रन्सविकचा. त्यांचं म्हणणं, सगळे एका नावाखाली या. 'हा हुशार ऑटिस्टिक, तो बिचारा ऑटिस्टिक' अशी प्रतवारी नको. फक्त निकष असे लिहा की मोठ्यांना, बायकांना, सवयीने लक्षणं झाकणाऱ्यांना ते बाहेर ठेवणार नाहीत. मला हे पटायला वेळ लागला. काकूंना तर कधीच पटलं नाही. माझ्या मुलाला ॲस्पर्गर आहे, ऑटिझम नाही, असं त्या चौदा वर्षं नातेवाइकांना सांगत आल्या होत्या.

मला पटलं ते एका शोधनिबंधामुळे. कॅथरीन लॉर्ड या नव्या व्याख्येच्या समितीतल्या मानसशास्त्रज्ञ. एडॉस चाचणी तयार करणाऱ्यांत त्या मुख्य. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बारा विद्यापीठांच्या केंद्रांतली दोन हजारांवर मुलं तपासली. चाचण्यांचे गुण सारखे असलेल्या मुलांना एका केंद्रात ॲस्पर्गर म्हणत होते, दुसऱ्यात पीडीडी-एनओएस, तिसऱ्यात ऑटिझम. कुठलं नाव मिळणार हे मुलापेक्षा दवाखान्यावर जास्त अवलंबून होतं. मी निळी फाइल उघडली आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. मला वेगळा पुरावा नको होता.

मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठी खुला होता. जून २०१२ च्या मुदतीआधी मीही लिहिलं. कुणी वाचलं असेल असं नाही, पण दोन रात्री लावल्या. मी कुकरबद्दल लिहिलं. आमच्याकडे रोज साडेसहाला वरणभाताचा कुकर लागायचा आणि रोज शिट्टी झाली की हा कपड्यांच्या कपाटात जाऊन दार लावून घ्यायचा. भूक कितीही असो, अर्धा तास बाहेर नाही. २०१० च्या चाचणीत मी हे सविस्तर सांगितलं होतं. बाईंनी मान हलवली होती, पण ते मोजणीत कुठेच आलं नाही, कारण जुन्या बारा लक्षणांत आवाज, स्पर्श, वास यांचा त्रास हा मुद्दाच नव्हता. नव्या मसुद्यात तो चारांपैकी एक लक्षण म्हणून आला होता. मी लिहिलं, एवढं एक काढू नका.

त्याच वर्षीच्या शरदात लॉर्ड यांच्याच गटाचा मोठा अभ्यास आला. ४,४५३ मुलं, आणि त्यांतली ९१ टक्के नव्या व्याख्येतही बसत होती. व्होल्कमार यांची माहिती जुनी, ती जुन्या प्रश्नांसाठी गोळा केलेली. तिला नवे प्रश्न विचारले तर उत्तरं कमीच येणार, असा त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप. मला तो रास्त वाटतो. पण नऊ टक्के म्हणजे चारशे मुलं, हेही नवऱ्याने लगेच काढून दाखवलं. तीही कुणाच्या तरी निळ्या फाइलीत असतील.

डिसेंबर २०१२ मध्ये मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने शिक्कामोर्तब केलं आणि मे २०१३ मध्ये पुस्तक बाहेर आलं. १८ तारखेला, शनिवारी. आम्ही त्यातली दोनच वाक्यं शोधत होतो. पहिलं सापडलं: ज्यांना जुन्या पुस्तकाप्रमाणे ऑटिझम, ॲस्पर्गर किंवा पीडीडी-एनओएसचं पक्कं निदान झालेलं आहे, त्यांना ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डरचं निदान द्यावं. म्हणजे कुणाला बाहेर काढत नव्हते. दुसरं निकषांच्या मथळ्यातच होतं: ही लक्षणं 'सध्या किंवा पूर्वी' दिसलेली असावीत. खाली आणखी एक पुस्ती, शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे ती पुढे झाकलीही जातात. तीन वर्षं घासाघीस करून मूल थोडं बोलू लागलं, नजरेला नजर देऊ लागलं, की 'आता नाही दिसत, चला' असं म्हणता येणार नव्हतं. 'किंवा पूर्वी' हे दोन शब्द मी पेनाने अधोरेखित केले. लायब्ररीचं पुस्तक होतं.

अमेरिकेत विशेष शिक्षणातल्या मुलांचं दर तीन वर्षांनी फेरमूल्यांकन करावं लागतं. आमचं नेमकं २०१३ च्या शरदात आलं. मी दोन वर्षांची कात्रणं घेऊन मीटिंगला गेले. केस मॅनेजरने ती शांतपणे बघितली आणि सांगितलं की शाळा डीएसएमवर चालतच नाही. शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यात १९९० पासून ऑटिझमचा वेगळा प्रवर्ग आहे, त्याची व्याख्या वेगळी, आणि ती कुणी बदललेली नाही. मला हसू आलं, मग रडू आलं. तिने टिश्यूचा डबा पुढे सरकवला. त्या टेबलावर तो कायमच असायचा.

बाहेरच्या मानसशास्त्रज्ञाने मात्र नव्या पुस्तकाप्रमाणे तिसरा कागद दिला: ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, पातळी १. पातळ्या तीन. पहिलीला आधार लागतो, दुसरीला बराच आधार, तिसरीला फारच. मला यातलं गणित अजून कळलेलं नाही. लायब्ररीत माझ्या मुलाला कसलाच आधार लागत नव्हता आणि साडेसहाला कुकरच्या वेळी तो तिसऱ्या पातळीवर असायचा. पण खूण झाली होती, कुकरच्या रकान्यात. तीन वर्षांनी का होईना.

जून २०१५ मध्ये आम्ही पुण्याला परत आलो. कारणं बरीच, ती इथे नकोत.

इथे नवीन अपंग हक्क कायदा २०१६ चा. त्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व आहे आणि ऑटिझम त्यांतलं एक. प्रमाणपत्रासाठी २०१८ मध्ये आम्ही एका सरकारी रुग्णालयात गेलो. खिडकीवरच्या माणसाने अमेरिकेचे तिन्ही अहवाल उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला, "हे तिकडचं. इथे इसा लागतं." इसा म्हणजे आपल्याकडे तयार झालेली मोजपट्टी. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. क्वचित असेल तर एक, कधीकधी असेल तर दोन, बऱ्याचदा तीन, बहुतेक वेळा चार, नेहमी पाच. सगळं क्वचित असलं तरी बेरीज चाळीस होतेच. सत्तरच्या खाली ऑटिझम नाही. सत्तर ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. आणि सवलती हव्यात तर अपंगत्व किमान ४० टक्के भरायला हवं.

कुणी या पट्टीला नावं ठेवली की मी भांडते. ती स्वस्त आहे आणि तिला परदेशी प्रशिक्षण लागत नाही. घरात आजी-आजोबा असलेल्या मुलालाही ती लागू पडते. पण तिच्यात 'किंवा पूर्वी' नाही. आज, आत्ता, किती वेळा? दर शंभरात किती? मी परत मंदिरातल्या मैत्रिणीच्या धड्यावर आले. "नजर देतो का?" "देतो, पण ओळखीच्यांनाच." "म्हणजे कधीकधी की बऱ्याचदा?" मी मनात बेरीज करत होते. चाळिसावा प्रश्न आहे, अचाट क्षमता दिसते का? तपासणाऱ्या मॅडमनी त्याला सहज स्वतःची जन्मतारीख सांगितली. त्याने वार सांगितला. त्यांनी दुसरी सांगितली, नवऱ्याची असावी. त्याने वार सांगितला. त्या खूश झाल्या, शिपायालाही बोलावलं, त्याचाही वार झाला. आणि मग त्या कौतुकाचे त्यांनी पाच गुण अपंगत्वात मिळवले. आयुष्यात पहिल्यांदा मुलाच्या हुशारीने आमचा फायदा झाला. बेरीज ८४. चौथं नाव: सौम्य ऑटिझम. प्रमाणपत्र तो अठरा वर्षांचा होईपर्यंतचं.

त्याच वर्षी एडिसनहून व्हॉट्सॲपवर एक फोटो आला, कचऱ्याच्या निळ्या डब्यातल्या कार्डांचा. व्हिएन्नाचे डॉ. हान्स ॲस्पर्गर नाझी काळात मुलांना श्पीगेलग्रुंडला पाठवण्यात सामील होते, हे इतिहासकार हेर्विग चेक यांनी कागदपत्रांवरून मांडलं, ते नुकतंच प्रसिद्ध झालं होतं. श्पीगेलग्रुंडमध्ये अपंग मुलं मारली जात. फोटोखाली एवढंच लिहिलं होतं: "एकोणतीस होती."

दहावी झाली, जादा वेळ मिळाला, बरी झाली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते पुण्यातल्या पालकांच्या एका बैठकीबद्दल. २०२२ च्या सुरुवातीची असेल. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने नुकतीच 'प्रोफाउंड ऑटिझम' अशी वेगळी संज्ञा सुचवली होती: ज्यांना बोलता येत नाही किंवा बुद्धीची वाढ फार कमी आहे आणि ज्यांच्यासोबत चोवीस तास कुणीतरी लागतं, त्यांच्यासाठी. आयोगाच्या दोन प्रमुखांपैकी एक कॅथरीन लॉर्डच. ज्यांनी सगळ्यांना एका नावाखाली आणायला हातभार लावला, त्याच आता एक वेगळं नाव मागत होत्या. मी जरा चिडूनच बोलले, की परत फाटे फोडायचे असतील तर एवढा उपद्व्याप केला कशाला. समोर एक बाई होत्या, त्यांचा मुलगा वीसचा, बोलत नाही, रात्री झोपत नाही, हाताला चावतो. त्या म्हणाल्या, "तुमचा मुलगा दहावी देतोय. माझ्या मुलाची चड्डी मी बदलते. दोघांना एकच नाव आहे ना, म्हणून लोक मला विचारतात, तुमचा कशात हुशार आहे?"

मी काही बोलले नाही. २०१२ मध्ये माझी सगळी धडपड आत राहण्यासाठी होती. आत इतकी गर्दी झाली की कुणीतरी भिंतीला चेपलं जाईल, हे तेव्हा डोक्यात आलंच नव्हतं. आजही माझं मत एका नावाच्याच बाजूचं आहे. पण त्यांच्यासमोर ते परत मांडायची माझी हिंमत झाली नाही.

२०२५ मध्ये तो अठरा पूर्ण झाला आणि आम्ही परत त्याच रुग्णालयात गेलो. मॅडम वेगळ्या, पट्टी तीच. एक फरक होता. त्या म्हणाल्या, "तो मोठा आहे, त्यालाच उत्तरं देऊ दे. आई, तुम्ही फक्त ऐका." पुन्हा कोपऱ्यातली खुर्ची, काही सुचवू नका.

तो खरं बोलत होता. दर उत्तराला माझ्या पोटात गोळा येत होता. "धोक्याची भीती वाटत नाही?" "मला सगळ्याचीच भीती वाटते. एक लिहा." "तेच तेच शब्द परत म्हणतोस?" "लहानपणी म्हणायचो. आता मनात म्हणतो." मॅडमनी एक लिहिला असावा. मी मान वाकडी करून बघायचा प्रयत्न करत होते. किंवा पूर्वी, किंवा पूर्वी, असं मी जपासारखं म्हणत होते, अर्थात मनातच.

मग आवाजाचा प्रश्न आला. आवाज, प्रकाश, स्पर्श यांचा जास्त त्रास होतो का?

"कुकरच्या शिट्टीचा," तो म्हणाला. "पण आता होत नाही."

"का बरं?"

"शिट्टी व्हायच्या आधी मी गॅलरीत जातो. आईने गॅस लावला की मी घड्याळ लावतो. नऊ मिनिटं. आठव्या मिनिटाला जातो आणि दार लावून घेतो. मग हे क्वचित की नेहमी?"

मॅडमचं पेन थांबलं. "किती वेळा जातोस असा?"

"प्रत्येक वेळी."

त्यांनी जरा विचार केला आणि आकडा लिहिला. त्याने माझ्यासारखी चोरून मान वाकडी केली नाही, सरळ टेबलावर वाकून पाहिलं.

"तुम्ही चार लिहिलेत," तो म्हणाला. "चार म्हणजे ६१ ते ८० टक्के. खाली छापलंय. प्रत्येक वेळी म्हणजे शंभर. पाच पाहिजेत."

मॅडमनी चार खोडला, पाच केला आणि शेजारी सही केली. तो तारीख टाका म्हणाला, तीही टाकली.